वाइडस्क्रीनसाठी कोणती केबल: थोडी भर
वाइडस्क्रीन मॉनिटर पीसीला कोणत्या केबलने जोडावा, या प्रश्नाला आलेल्या एका उत्तरात ही भर घालतोय. मॉनिटरची केबल मदरबोर्डला (पीसीच्या मुख्य बोर्डाला) न लावता ग्राफिक्स कार्डालाच (चित्र तयार करणाऱ्या वेगळ्या कार्डाला) लावा, हा त्यातला सल्ला अगदी बरोबर. पण 'एचडीएमआय काय आणि डिस्प्लेपोर्ट काय, दोन्ही सारखंच' हे त्यातलं, मॉनिटर जोडायच्या या दोन प्रकारांबद्दलचं म्हणणं पटलं नाही. साध्या फुल एचडीला (१९२० गुणिले १०८०) एकवेळ चालेल. ३४४० गुणिले १४४० चा वाइडस्क्रीन म्हणजे जवळपास ५० लाख पिक्सेल, फुल एचडीच्या सुमारे २.४ पट. १४४ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलताना, नुसत्या चित्रालाच सेकंदाला १७ गिगाबिट लागतात. एचडीएमआय २.० ची क्षमता १८ सांगतात, त्यातले प्रत्यक्ष कामाला येतात १४.४. म्हणून तिथे गाडी १०० हर्ट्झच्या आसपास अडते. डिस्प्लेपोर्ट १.४ ला जवळपास २६ मिळतात, म्हणून तोच वापरा.

आणि केबल घेताना नुसती किंमत बघू नका. जुळे सोलापुरात भावाचा पीसी जोडला तेव्हा नवी पेठेतून स्वस्तातली डिस्प्लेपोर्ट केबल आणली होती. पीसी बंद केला तरी आतले दिवे मंद जळत राहायचे, आणि पुन्हा चालू करताना दोन-तीनदा बटण दाबावं लागायचं. आम्ही पॉवर सप्लायवर संशय घेऊन एक अख्खा रविवार घालवला. दोष निघाला केबलच्या २० नंबरच्या पिनमध्ये. ती पिन केबलमध्ये जोडलेली असता कामा नये. जोडली असेल तर मॉनिटरचा ३.३ व्होल्टचा पुरवठा उलटा कार्डात शिरतो. व्हेसा (डिस्प्लेपोर्टचे मानक ठरवणारी संस्था) प्रमाणित केबल लावली आणि त्रास त्याच दिवशी थांबला. त्यानंतरही विंडोजने ६० हर्ट्झच धरलं होतं. ते डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हाताने १४४ करावं लागलं.