जुन्या विनोदी मालिकांचे हरवलेले भाग : शोधायचे, की नव्याने घडवायचे?

मांडवीकाठ (धागा सुरू करणारा)

आमच्या वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एकाने दूरदर्शनच्या जमान्यातल्या विनोदी मालिकेचा तुकडा टाकला. घरच्या कॅसेटवरून उतरवलेला आणि मग एआयच्या तोंडी दिलेला. नटाच्या कपाळावरच्या आठ्या गायब, गालांना मेणाची तुकतुकी, मागच्या कॅलेंडरवर कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं. वाहवा मात्र भरपूर झाली. मूळ कॅसेट कुठे आहे विचारलं तर म्हणे, "ती टाकून दिली, फाईल आहे ना आता."

तिथे भांडण नको म्हणून इथे लिहितोय. हरवलेला भाग शोधणं आणि सापडला तर दुरुस्त करणं हे एक काम. नसलेला भाग बनवणं हा दुसराच उद्योग. त्याला 'रिस्टोरेशन' म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं.

टीव्हीवरचा विनोद गेला तो आळसापायी कमी आणि हिशेबापायी जास्त. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत ढिगाने कार्यक्रम पुसले. दोन इंची व्हिडिओटेप महाग, शिवाय पुसून परत वापरता येणारी. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनर्प्रक्षेपणावर बंधनं. त्यात रंगीत टीव्ही आला, मग कृष्णधवल कोण बघणार? लोक हेच कार्यक्रम पुढे विकत घेऊन घरी बघतील, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. पीटर कुक आणि डडली मूर या विनोदी नटांनी आपल्या 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' या मालिकेच्या टेपा वाचवायला पदरचे पैसे देऊ केले, तरी त्या मालिकेचे बरेच भाग पुसले गेलेच. उलट अमेरिकेत 'आय लव्ह ल्युसी' ही विनोदी मालिका १९५१ पासून ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली, म्हणून आजही लखलखीत दिसते. तिचा पायलट, म्हणजे नमुन्यादाखल आधी केलेला भाग, मात्र कित्येक वर्षं बेपत्ता होता. त्यात काम केलेल्या पेपितो या विदूषकाच्या पत्नीकडे त्याची प्रत निघाली आणि १९९० मध्ये तो टीव्हीवर दाखवला गेला.

आपल्याकडेही दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात टेप महाग म्हणून तीच तीच परत वापरली जायची. चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी मुंबई केंद्रावर उभे केले, 'गजरा' हा कार्यक्रम घरोघर बघितला गेला. त्या काळातलं काही अजून मिळायचं असेल तर ते घरांत मिळेल. आणि गोव्यात तर आखातातून व्हीसीआर आणलेली घरं गावोगाव आहेत. त्या कपाटांत हात घालायचा सोडून आपण एआयला साकडं घालतोय.

फोंड्याचा प्रेक्षक

भाऊ, तुमचं सोवळं मला कळतं, पण प्रेक्षक कोण आहे ते बघा. माझी मुलं चौकोनी, बर्फ पडल्यासारखं चित्र दोन मिनिटांच्या वर बघत नाहीत. त्यांना हसायला आधी दिसलं तर पाहिजे!

आणि बीबीसीचंच उदाहरण पूर्ण द्या की. 'डॅड्स आर्मी' या त्यांच्या विनोदी मालिकेच्या १९६९ सालच्या दुसऱ्या पर्वातले तीन भाग आजही सापडलेले नाहीत. त्यातल्या 'अ स्ट्राइप फॉर फ्रेझर'चा फक्त आवाज शिल्लक होता, त्यावर २०१६ मध्ये अ‍ॅनिमेशन केलं. २०१९ मध्ये तिन्ही भाग जुन्या संहितांवरून नव्या नटांना घेऊन परत चित्रित झाले. कुणाची फसवणूक झाली? नाव बदललं नाही, लपवलंही काही नाही. नाटकवाल्या गोव्यात हे मी कुणाला समजावून सांगायचं? तेच नाटक वर्षानुवर्षं वेगवेगळ्या संचांत होतं, तेव्हा 'मूळ संच नाही' म्हणून आपण उठून जातो का?

टेपवाला, म्हापसा

दोघांच्या मध्ये पडतो. मी कॅसेटी उतरवून देतो, हाच माझा व्यवसाय.

आधी एक गोष्ट. कपाटातून कॅसेट निघाली की लोक कौतुकाने लगेच प्लेअरमध्ये घालतात. घालू नका. आपल्या हवेत टेपेवर पांढरी बुरशी धरते. खिडकीतून रीळ बघा, कडेला पिठासारखं काही दिसलं तर ती कॅसेट लावली की बुरशी प्लेअरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर जाते आणि तिथून पुढच्या दहा कॅसेटींना लागते. टेप चिकटलेली असेल तर तुटते. आधी कोरडी करायची, मग उघडून साफ करायची, मगच चालवायची, तीही अशा मशीनवर जे नंतर पुसून घेता येईल.

दुसरं, 'साफ' करण्याबद्दल. आपल्याकडचा टीव्ही सेकंदाला ५० अर्ध्या चौकटी दाखवायचा. स्टुडिओतला विनोद त्याच गतीत चित्रित झालेला. घाईत उतरवणारे त्याच्या २५ करतात आणि नटाची मान वळवण्याची, भुवई उडवण्याची चपळाई मरते. मग म्हणायचं जुना विनोद संथ वाटतो. आवाजाचं तर विचारूच नका. प्रेक्षकांचं हसणं आणि टाळ्या सॉफ्टवेअरला खरखरीसारख्याच वाटतात, त्यामुळे खरखर काढताना हशाही पातळ होतो. नट हशासाठी थांबलेला असतो. हशा गेला की तो उगाच गप्प उभा दिसतो.

म्हणून मी आधी आहे तसं उतरवून वेगळं ठेवतो. त्यानंतर प्रतीवर काय रंगरंगोटी करायची ती करा, माझी हरकत नाही.

डिचोलीची मावशी

मी जरा कडू बोलते. हे सगळं वाचवायच्या लायकीचं होतं का? त्या काळातला निम्मा विनोद बायकोच्या स्वयंपाकावर, सासूवर आणि जाड्या माणसावर. आम्हीही हसलो, कारण दुसरं चॅनेलच नव्हतं. आठवणीत ते ग्रेट आहे, आणि आठवणीतच राहू दे.

दुसरं म्हणजे आपल्या गावच्या जत्रांत देवळासमोर रात्रभर मराठी नाटकं व्हायची, अजून होतात. त्यातले प्रहसन करणारे एकेक नट टीव्हीवाल्यांना पाणी पाजतील असे होते. त्यांचा एक मिनिटही कुठे नाही. त्यावर कुणी धागा काढलेला मी बघितला नाही. 'मोगाचो आंवडो' हा १९५० सालचा पहिला कोंकणी चित्रपट, तोही आज बघायला मिळत नाही. पैसा आणि वेळ थोडाच असेल तर तो आधी इथल्या गोष्टींवर लागू दे.

मांडवीकाठ

मावशी, जत्रेच्या नाटकांबद्दल शंभर टक्के मान्य. पण ती कुठे सापडतील सांगा? त्याच कपाटांत! मुलाचं बारसं, बहिणीचं लग्न, वाड्यावरचं नाटक आणि उरलेल्या टेपेवर टीव्हीवरची मालिका, असं सगळं एकाच कॅसेटवर असतं. एक शोधताना दुसरं मिळतंच.

लायकीचं मात्र मला पटत नाही. वाईट विनोदही ठेवावा. लोक कशाला हसत होते हे कळायला दुसरा पुरावा नाही, आणि निवड करायला बसलो की आपण आजच्या आवडीने निवडणार. बीबीसीनेही तेच केलं होतं.

फोंडेकरांना एवढंच सांगतो की नवे नट घेऊन केलेला भाग मला चालतो, कारण तो स्वतःला नवा म्हणवतो. एआयने घातलेला चेहरा जुन्याचं सोंग घेतो, तिथे माझं दुखणं आहे. 'डॅड्स आर्मी'च्याच 'रूम अ‍ॅट द बॉटम' या भागाचं बघा. तो रंगीत चित्रित झाला, पण उरली ती कृष्णधवल फिल्म. ती फिल्म टीव्हीच्या पडद्यावरून उतरवताना रंगाच्या सिग्नलचे बारीक ठिपके तिच्यात चुकून उमटले होते. ते ठिपके वाचून मूळ रंग परत काढले आणि २००८ मध्ये तो भाग रंगीत दाखवला. तिथे गणवेशाचा रंग कुणी ठरवला नाही, तो फिल्ममध्येच होता. हे खरं रिस्टोरेशन.

फोंड्याचा प्रेक्षक

सुंदर उदाहरण, पण त्याला बीबीसीसारखी संस्था, इंजिनियर आणि वर्षं लागली. आपल्या वाचनालयाकडे काय आहे? एक संगणक आणि उत्साही पोरं. त्यांनी मोफत सॉफ्टवेअरने काहीतरी केलं, शंभर लोकांनी बघितलं, आणि आज आपण त्यावर भांडतोय. तो तुकडा आला नसता तर ही चर्चा झाली असती का? दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने वेव्हज हे अ‍ॅप २०२४ मध्ये इथेच, गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू केलं. लोकांनी जुनं मागितलं तर ते काढतील, आणि मागायला आधी चव लागावी लागते.

कोर्टाची पायरी, मडगाव

कायद्याचं थोडं. मालिका कायद्याच्या नजरेत चित्रपटच, म्हणजे प्रसारणानंतर ६० वर्षं हक्क शाबूत. १९७८ ची मालिका २०३८ संपेपर्यंत कुणाची तरी मालमत्ता आहे. कॅसेट तुमच्या घरी आहे म्हणून आतला ऐवज तुमचा होत नाही. ग्रुपवर, यूट्यूबवर टाकणाऱ्या सगळ्यांनी हे ध्यानात ठेवा, मग ते एआयने चकचकीत केलेलं असो वा खरखरीत.

पण कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीत एक सोय आहे. सार्वजनिक, ना-नफा वाचनालय जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू शकतं. अट अशी की त्याच कृतीची डिजिटल नसलेली प्रत त्याच्याकडे आधीपासून हवी. आता मूळ कॅसेट टाकून देणाऱ्याने नेमकं काय टाकलं, ते बघा.

डिचोलीची मावशी

हे मात्र कामाचं बोललात. म्हणजे कॅसेटी वाचनालयाच्या रजिस्टरवर रीतसर चढवायच्या, मग उतरवायच्या. माझ्या माळ्यावर एक पेटी आहे. तीत टीव्हीपेक्षा जत्रेची नाटकंच जास्त निघतील. आधी ती उतरवणार असाल तर देते, नाहीतर नाही.

टेपवाला, म्हापसा

मावशी, आधी नाटकंच उतरवू. पेटी पाऊस लागायच्या आत द्या आणि कृपा करून कुठलीही कॅसेट 'जरा बघू' म्हणून लावू नका. रिवाइंडही करू नका. वाचनालयवाल्यांनी रजिस्टरमध्ये कॅसेटीवरचं लेबल जसंच्या तसं लिहून घ्यावं, खोडलेलं नावसुद्धा, कारण खाली काय आहे ते बहुतेक वेळा त्यावरूनच लागतं.