पेठेतली भुयारं आणि भुतं: तुमच्या वाड्यात काय सांगायचे?

पुण्यात कसबा पेठेत आमचा वाडा होता, 2 वर्षांपूर्वी पाडला. जिन्याखाली एक बुटकं दार होतं, त्यावर ऑइलपेंटची इतकी पुटं की कडी कुठे आणि फळी कुठे ते कळायचं नाही, आणि आजी सांगायची की हे भुयार थेट शनिवारवाड्यात निघतं, पेशव्यांची माणसं रात्री मशाली घेऊन यायची. लहानपणी त्या जिन्यावरून मी कधी चालत उतरलो नाही, धावतच. वाडा पाडताना मुद्दाम रजा टाकून उभा राहिलो. दार निघालं आणि मागे बळद होतं, धान्य साठवायचं, दोन माणसं जेमतेम बसतील एवढं, तळाला थोडा भुसा आणि एक फुटकी पणती. भुयार नाही. खरं सांगतो, फार वाईट वाटलं, आजी असती तर तिला काय सांगितलं असतं हेच डोक्यात होतं.

पण मग वाटलं की हे सगळं कोणीतरी लिहून ठेवायला पाहिजे. वाडे भराभर पडतायत, सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढे गेलीयेत. तर लिहा. स्वतः बघितलंय ते तसं लिहा, ऐकीव असेल तर कोणाकडून ऐकलं तेही लिहा, आणि कोणाला भीती वाटली असेल तर कृपया टिंगल करू नका.

*

सदाशिव पेठ. आमच्याकडे रात्री माजघराच्या फरशीखाली पाणी वाजायचं. खरोखर वाजायचं, उन्हाळ्यात सगळं शांत झालं की फरशीला कान लावला की खळखळ ऐकू यायची. आई म्हणायची तिथे जखीण आहे, त्या कोपऱ्यात आम्हाला झोपू द्यायची नाही. आजोबा मात्र म्हणायचे, अरे ते कात्रजचं पाणी आहे. नानासाहेब पेशव्यांनी 1749 च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून घेतला आणि तिथून जमिनीखालून दगडी नळ शहरात आणला, पंप वगैरे काही नाही, नुसत्या उतारावर पाणी यायचं, आणि नळ एवढा मोठा की साफसफाईला माणूस आत उतरून चालू शकेल. मधे मधे हवा जायला दगडी उच्छ्वास. तेच पाणी हौदाहौदांत खेळवलेलं, काळा हौद, फडके हौद, बदामी हौद, बाहुलीचा हौद, आपण रोज ही नावं घेतो पण स्टॉप म्हणूनच घेतो. मला वाटतं पुण्यातल्या अर्ध्या भुयारांचं मूळ हेच आहे. कुठेतरी पाया खणताना कोणाला तरी हा नळ लागला असणार, आत अंधार, गार हवा, टोक दिसत नाही, मग माणूस भुयारच म्हणणार ना.

*

ऐकीव नाही, वडिलांचा अनुभव लिहितेय. वडील छापखान्यात होते, दुसरी पाळी सुटली की सायकलवरून शनिवारवाड्याच्या मागच्या अंगाने घरी यायचे. एका रात्री तटाच्या वरच्या बाजूने लांबलचक किंकाळी आली, एकदाच, आणि पाठोपाठ घरघरल्यासारखं काहीतरी. आमचे वडील घाबरणाऱ्यातले नव्हते, दारूला कधी शिवले नाहीत. घरी आले, पाय धुतले आणि न जेवता झोपले. आईने विचारलं तर एवढंच म्हणाले, "पोरगं अठराच वर्षांचं होतं गं."

नारायणराव पेशव्यांना मारलं ते 30 ऑगस्ट 1773 ला, ऐन गणपतीत. गारदी पगार मागायला म्हणून आत घुसले आणि नारायणराव काकांना, राघोबादादांना, जाऊन बिलगले. "काका मला वाचवा" आणि "ध चा मा" हे आपण इतक्यांदा ऐकलंय की त्यात एक घाबरलेला मुलगा होता हे विसरायलाच होतं. वडिलांनी तो रस्ता नंतर कायमचा सोडला, लांबून वळसा घालून यायचे.

*

वरच्या ताईंसाठी. तुमच्या वडिलांनी ऐकलं ते खोटं अजिबात नाही. मी त्याच भागात पक्षी बघत फिरतो. जुन्या तटाच्या बिळांत गव्हाणी घुबडं राहतात, त्यांची किंकाळी माणसासारखी असते आणि पिल्लं घरघरल्यासारखा आवाज काढतात. मला माहीत असूनसुद्धा पहिल्यांदा ऐकली तेव्हा हातातली बॅटरी पडली होती.

*

सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती कोणी बघितलाय का? नागझरीच्या काठी, काळा दगड, दारावर गेंड्याला साखळदंडाने बांधणारे गोरे शिपाई कोरलेत. त्याच्या खाली खरंच तळघर आहे, गोसावी महाराजांची समाधी तिथे आहे आणि आत पाणी असतं. गुरुपौर्णिमेला ते उपसून दर्शनाला उघडतात. मी मामाबरोबर उतरले होते, सात-आठ वर्षांची असेन. पायऱ्या ओल्या, भिंतीला हात लावला की घाम आल्यासारखी, आणि मामा हळूच म्हणाला इथून वाट पार पर्वतीला जाते. वाट काही मला दिसली नाही. पण मला त्या जागेत भीती वाटलीच नाही, उलट एकदम शांत वाटलं, इतकं की वर यायला नको झालं. भुयाराच्या गोष्टीत हे कोणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

*

आमच्याकडे भुयार नाही, मुंजा होता. परसातल्या पिंपळावर. शनिवारी पाराला तेल वाहायचं आणि तिन्हीसांजेला खाली खेळायचं नाही. पिंपळ गेला, मुंजाचा दगड आता पार्किंगमध्ये खांबाजवळ ठेवलाय, वॉचमन रोज फूल वाहतो, तो बिहारचा आहे, त्याला कोणी सांगितलं पण नाही.

*

2024 च्या सप्टेंबरमध्ये सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा आख्खा ट्रक जमिनीत गेला ते आठवतंय ना? व्हॉट्सअॅपवर तासाभरात पेशवेकालीन भुयार सापडल्याचे मेसेज. माझी आत्या 84 वर्षांची, बुधवार पेठेतच जन्म. तिने व्हिडिओ बघितला आणि म्हणाली, तिथे विहीर असणार, दुसरं काय. निघाली जुनी विहीरच, वरून ब्लॉक टाकलेली. तिने मग आमच्या जुन्या गल्लीतल्या विहिरी बोटांवर मोजून दाखवल्या, त्यातली एकही आता दिसत नाही. तिच्याकडून एक कच्चा नकाशा काढून घेतलाय, कोणाला हवा असेल तर सांगा.

*

शुक्रवार पेठ, आता न्यू जर्सीत असते. हे मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. परसात एक चौकोनी फरशी होती, चुलतभावांनी पहारीने ती उचलली आणि मी सगळ्यात बारीक म्हणून मला दोराने खाली सोडलं, हातात मेणबत्ती. दोन्ही बाजूंना घडीव दगड, सांधे चुन्याचे, हात पसरले तर पूर्ण पसरता येत नव्हते. चार पावलं गेले असेन आणि समोरून हवेचा झोत आला, मेणबत्ती गेली. मी ओरडले तर माझाच आवाज पुढून कुठून तरी परत आला, उशिरा, जाड होऊन. भावांनी ओढून काढलं, कोपरं सोलली, आईला सांगितलं अंगणात पडले. त्यानंतर चाळीस वर्षं सगळ्यांना मी "भूत होतं" असंच सांगत आले. वरचं कात्रजच्या नळाचं वाचलं आणि एकदम आठवलं, खाली माझी पावलं भिजली होती. पाणी गार होतं, घोट्याच्याही खाली, आणि ते वाहत होतं.