जुन्या गाडीच्या अॅल्युमिनियम रेडिएटरला आरओचं पाणी पुरेल का?

घाटवाट (सातारा): आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं गॅरेजमध्ये सर्रास सांगतात. मला हे साफ चुकीचं वाटतं. कूलंट घालायचा तो गंजरोधकासाठी. बोअरच्या पाण्यातलं क्लोराईड अॅल्युमिनियमवरचा ऑक्साईडचा थर फोडतं आणि नळ्यांना टाचणीएवढी भोकं पडतात. त्यात इंजिनचा बिडाचा ब्लॉक आणि अॅल्युमिनियम एकाच खारट पाण्यात आले की झिजतं ते अॅल्युमिनियमच.

मिरजकर: बोअरचं नकोच, आमच्या वाळवा-मिरज पट्ट्यात क्षार काय कमी आहेत? पण आरओचं पाणी दर सहा महिन्यांनी बदललं तर काय बिघडतं? उष्णता तर ग्लायकॉलपेक्षा, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य द्रवापेक्षा, पाणीच चांगली वाहून नेतं.

घाटवाट: उष्णतेचं खरं आहे. पण आरओच्या पाण्यात गंजरोधक कुठे असतो? बिडाला गंजायला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन पुरतो, आणि दर वेळी नवं पाणी म्हणजे नवा ऑक्सिजन. तो तांबडा गाळ रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. शिवाय 0.9 बार दाब धरणाऱ्या रेडिएटरच्या झाकणाखाली पाणी 118 अंशांच्या आसपास उकळतं, निम्मं ग्लायकॉल असेल तर 125 च्या पुढे. भरल्या गाडीने पसरणी घाट चढताना हा फरक जाणवतो.

कराड नाका: निम्मं कशाला? इथे एक तृतीयांश पुरतं. त्याखाली मात्र जाऊ नका, गंजरोधकच कमी पडतो. आणि रंग बघून घेऊ नका, डब्यावर वाचा. सिलिकेटचा गंजरोधक असलेला साधारण दोन वर्षं टिकतो, ओएटी (सेंद्रिय आम्लांचा गंजरोधक असलेला) पाचेक. दोन्ही एकत्र केले की आयुष्य घटतं, कधी जेलीसारखा गाळही होतो. हीटरचा कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) जुना, पितळी आणि डाग दिलेला असेल तर सिलिकेटवालाच घ्या.

मिरजकर: कूलंट घालूनही वर्षभरात गळणारे रेडिएटर दिसतातच की. त्याचं काय?

घाटवाट: तिथे आधी अर्थिंग बघा. मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, लाल तार थंड रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये बुडवा, धातूला टेकू देऊ नका. दिवे, पंखा चालू करून 0.3 व्होल्टच्या वर आकडा गेला तर इंजिनची अर्थ वायर साफ करा किंवा बदला. नाहीतर कूलंटमधून वीज वाहून नवा रेडिएटरही खाल्ला जाईल.

कराड नाका: धुताना सोडा अजिबात नको, तो अॅल्युमिनियम खातो. हीटर पूर्ण गरमवर ठेवून डिस्टिल्ड पाणी भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, थंड झाल्यावर काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. मग चार लिटर कूलंट मावणाऱ्या गाडीत आधी दोन लिटर न मिसळलेला कूलंट, वर डिस्टिल्ड पाणी. उलट केलं तर ब्लॉकमध्ये उरलेल्या पाण्यामुळे कूलंटला जागाच राहत नाही.

मिरजकर: म्हणजे शेवटी निम्म्यावरच आलात! अर्थिंगचं पटलं. पण माझ्या मते एक तृतीयांशच बरं, आमच्या सपाट रस्त्यांना तेवढं पुरे.

घाटवाट: चालेल. फक्त काढलेला कूलंट गटारात ओतू नका. गोडसर असतो, कुत्री चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.