लंडनमध्ये आईसाठी कोरियन सण-कार्यक्रम: काय दाखवू? (सप्टेंबर ते नोव्हेंबर 2026)

सायली_हॅरो
नमस्कार मंडळी. आई-बाबा साताऱ्याहून सप्टेंबरच्या मध्याला येतायत, दोन महिने आहेत. आई 68 वर्षांची, गुडघे दुखतात, शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. लॉकडाऊनमध्ये तिला कोरियन मालिकांची गोडी लागली आणि आता ती हांगुल लिपी वाचते. बाराखडी गिरवावी तशी वहीत गिरवून शिकली. राजवाडा, टॉवर ब्रिज मागच्या खेपेला झालं. या वेळी म्हणाली, "तुमच्याकडे कोरियन लोक राहतात ना, त्यांचं काहीतरी दाखव."
के-पॉपच्या गर्दीत तिला न्यायचं नाही. सण, गाणं, जुन्या वस्तू, खाणं यातलं काय दाखवू? खाण्याचं नीट सांगा, तिला उपाशी परत आणायचं नाहीये.

माल्डनकर
सायलीताई, पहिलं उत्तर न्यू माल्डन, लंडनचं कोरियन वस्तीचं उपनगर. मी 11 वर्षं इथे राहतोय. वॉटर्लूहून ट्रेनने साधारण 25 मिनिटं. हाय स्ट्रीटवर दातांच्या दवाखान्यापासून केस कापायच्या दुकानापर्यंत पाट्या कोरियन. आईंना काही 'दाखवू' नका, सावकाश चालू द्या आणि पाट्या वाचू द्या. वहीत गिरवलेलं अक्षर रस्त्यावर भेटणं हाच त्यांचा मोठा कार्यक्रम होईल. दक्षिणेकडच्या लोकांसोबत उत्तर कोरियातून निघून आलेली कुटुंबंही इथे आहेत. युरोपात त्यांची एवढी मोठी वस्ती दुसरीकडे नाही.

आता सण. छुसॉक हा त्यांचा सुगीचा मोठा सण, चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवसाचा, म्हणजे पौर्णिमेच्या आसपासचा. यंदा तो 25 सप्टेंबरला, शुक्रवारी आहे. त्याच दिवशी आपली अनंत चतुर्दशी. 2024 मध्येही दोन्ही 17 सप्टेंबरलाच आले होते. सकाळी नव्या तांदळाचे पदार्थ पूर्वजांपुढे मांडतात, त्याआधी कबरींवरचं गवत कापून येतात. आपल्याकडे पौर्णिमा झाली की पितृपक्ष लागतो, त्यामुळे आईंना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

त्या दिवशीचा पदार्थ सोंगप्यॉन. तांदळाच्या पिठीची पारी, आत तीळ-साखर, चवळीसारखं कडधान्य नाहीतर चेस्टनट, आकार अर्ध्या चंद्राचा, आणि पाइनच्या पानांवर वाफवलेला. उकडीच्या मोदकांची पारी वळणाऱ्या बाईला तो पाहताक्षणी कळेल.

रानवारा
माल्डनकरांशी सहमत, पण न्यू माल्डनला शनिवारी जाऊ नका. कॅफेत बसायला जागा मिळत नाही आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला उभं राहणं चालण्यापेक्षा जड जातं. मंगळवार-बुधवारी सकाळी 11 ला जा. मोकळ्या मैदानावरचे मेळेही मी गाळेन. माझ्या सासूबाईंना एकदा नेलं होतं, दोन तास रांगेत गेले आणि व्यासपीठ दिसलंच नाही.

डाळिंबी_उसळ
खाण्याबद्दल मी सांगते, कारण मी स्वतः शाकाहारी आहे आणि सुरुवातीला फसले होते.

किमची म्हणजे नुसता आंबवलेला कोबी नाही. बहुतेक किमचीत माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. सूप, रस्सा, त्तॉकबोक्की (तिखट रश्शातल्या तांदळाच्या पिठीच्या कांड्या) यांचं मूळ पाणी बऱ्याचदा सुक्या मासळीचं असतं. 'मीट नको' एवढंच म्हटलंत तर मासळी येणारच, कारण त्यांच्या लेखी ती मीट नव्हे. म्हणून आईंना ही वाक्यं पाठ करायला सांगा:

"छोनुन गोगीवा सेंगसॉनुल आन मॉगॉयो" – मी मांस आणि मासे खात नाही.
"ग्येरान प्पे जुसेयो" – अंडं वगळा.
"म्यॉल्छी युक्सू?" – सुक्या मासळीचं पाणी आहे का?

आजीबाई कोरियनमध्ये विचारतायत म्हटल्यावर काउंटरवरची माणसं स्वयंपाकघरात जाऊन विचारून येतात, हा माझा अनुभव.

मागवायचं काय? बिबिंबाप, मांस आणि अंडं काढून. भात, वेगवेगळ्या भाज्या, वर गोचुजांग, म्हणजे लाल मिरचीची आंबवलेली चटणी. गोचुजांगमध्ये कधी खिमा परतलेला असतो, तेवढं विचारा. होत्तॉक, म्हणजे आत ब्राउन शुगर, दालचिनी आणि दाणे भरलेली तव्यावरची गरम पोळी, आईंना नक्की आवडेल. बिंदेत्तॉक हे मुगाचं धिरडं, पण त्यात डुकराचं मांस घालायची पद्धत आहे, नुसतं धिरडं समजून घेऊ नका. आणि पिशवीत दशम्या ठेवाच.

ठुमरी
माझं मत वेगळं आहे. खाणं नंतर, आधी गाणं. ट्रफल्गार स्क्वेअरपासून दोन मिनिटांवर, नॉर्थंबरलंड अव्हेन्यूवर कोरियन कल्चरल सेंटर आहे, 2008 पासून. प्रदर्शन फुकट. तिथल्या छोट्या मैफलींना नाव नोंदवावं लागतं आणि जागा लवकर भरतात, म्हणून आतापासून लक्ष ठेवा. शरद ऋतूत कोरियन संगीताचा के-म्युझिक महोत्सव (2013 पासून) आणि लंडन कोरियन फिल्म फेस्टिव्हल (2006 पासून) होतात. यंदाच्या तारखा जाहीर झाल्या की आईंच्या मुक्कामाशी जुळवून बघा.

त्यात पान्सोरी सापडलं तर बाकी सगळं सोडा. एक गायिका, हातात पंखा. शेजारी एक वादक, समोर एक ढोल. ती गाते, मध्येच बोलते, कथेतली सगळी पात्रं एकटी उभी करते. अख्खी कथा गायची तर कित्येक तास लागतात. आणि श्रोत्यांनी गप्प बसायचं नसतं! "ऑल्शिगु!", "छोत्ता!" अशी दाद मध्येमध्ये द्यायचीच असते, ढोलकवालाही देतो. कीर्तन ऐकत मोठी झालेली बाई तिथे परकी होणार नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, तरी बाप-लेकीच्या ताटातुटीला डोळे भरून आले.

खापरपणजी
ब्रिटिश म्युझियमची 67 नंबरची खोली विसरू नका, फुकट आहे. पुढच्या मोठ्या दाराने जाऊ नका, मागच्या माँटेग्यू प्लेसच्या दाराने शिरा आणि लिफ्ट घ्या, चालणं वाचतं. तिथे जुन्या विद्वानाची बैठकीची खोली उभारली आहे. मालिकांमधल्या वाड्यांत आईंनी ती कितीदा तरी पाहिली असेल.

आणि चंद्रकुंभ बघा. पांढऱ्या चिनीमातीचा मोठा गोल रांजण, दोन अर्धगोल वेगळे घडवून जोडलेला, म्हणून कमरेपाशी किंचित वाकडा. कुंभार बर्नार्ड लीचने तो 1935 मध्ये कोरियात विकत घेतला, पुढे बरीच वर्षं तो ल्यूसी री या कुंभार बाईंच्या स्टुडिओत होता. मी दर वर्षी एकदा त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो. आईंना तिथे बाक शोधून द्या आणि घाई करू नका.

9 ऑक्टोबर हा हांगुल दिन. राजा सेजोंगने 1446 मध्ये ही लिपी लोकांपुढे ठेवली. व्यंजनांचे आकार उच्चारताना जीभ-ओठ कसे होतात त्यावरून घेतले आहेत, आपण कंठ्य-तालव्य म्हणतो तसाच विचार. त्या दिवशी आईंची वही सोबत घ्या.

सायली_हॅरो
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला फोनवर वाचून दाखवलं. "म्यॉल्छी युक्सू" तिने लगेच वहीत लिहून घेतलं, हांगुलमध्ये. 25 ला घरी विसर्जन आहे, म्हणून न्यू माल्डनला बुधवारी, 23 ला सकाळी जाऊ. म्युझियम 9 ऑक्टोबरला. पान्सोरीसाठी रोज साइट बघतेय.
माल्डनकर, सोंगप्यॉन आधी सांगून ठेवावे लागतात का?

माल्डनकर
हो, आठवडाभर आधी सांगा, छुसॉकच्या तोंडावर ऐन वेळी मिळत नाहीत. तिळाचेच मागा. आणि स्टेशनला पोचलात की इथे लिहा, मी आणि बायको घ्यायला येतो. आईंनी पाट्या वाचलेल्या आम्हालाही ऐकायच्या आहेत.