मदत हवी आहे: आईसाठी जुनी ट्रेडमिल आली आहे, सुरुवात कशी करून द्यावी?

झाडीपट्टीकर

नमस्कार मंडळी. आमचं गाव सिंदेवाही तालुक्यात, जिल्हा चंद्रपूर. आईचं वय साठीच्या आसपास. शुगर आणि बीपी दोन्ही आहेत. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी चालू आहे, इन्सुलिन नाही. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि ती पहाटे उठून नाल्याच्या पुलापर्यंत चालायचीही. पण आता त्या रस्त्यावर वाघ फिरून राहिला. पुण्या-मुंबईच्या लोकांना गंमत वाटेल, पण ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात ज्यांचं घर आहे त्यांना वेगळं सांगायला नको. उजेड पडल्यावर शेतीची कामं लागतात, आणि उन्हाळ्यात नऊनंतर बाहेर पडायची सोय नसते. अंगणात फेऱ्या मारून पाहिल्या, तर वळून वळून तिला गरगरतं.

नागपूरच्या भाऊजींनी त्यांच्याकडे पडून असलेली ट्रेडमिल पाठवून दिली. मोटरवाली आहे, २ एचपी लिहिलं आहे. सोबतचं पुस्तक हरवलंय. समोरच्या पॅनेलवर लाल चावी लावायची जागा आहे, पण चावी आणि तिची दोरी नाही. भाऊजींनी तिथं एक लहान चुंबक चिकटवून दिलं, त्यावर मशीन चालू होते. सध्या छपरीत ठेवली आहे. एका बाजूला धानाची पोती, मागे हातभर अंतरावर भिंत. प्लग मोठ्या पिनचा असल्यामुळं एक्स्टेन्शन बोर्डावरून जोडली.

आईनं आयुष्यात असं काही वापरलेलं नाही. शेजारच्या काकांची नागपूरला हृदयाची पट्ट्यावर चालायची तपासणी झाली होती, त्यांना त्यात घेरी आली होती. तेव्हापासून हे मशीन म्हणजे दवाखान्याचं काहीतरी, असं तिच्या मनात बसलं आहे. तिला किती वेगानं, किती वेळ चालवू? साडी नेसून चाललेलं चालेल का? आणि आमच्याकडं लाइटचा भरवसा नाही. चालता चालता गेली तर?

---

वऱ्हाडी_माणूस

भाऊ, आमच्या घरी बी हाये एक. तिच्यावर चादरी वाळू घालतो आमी. तुमचं तसं नोका होऊ देऊ. बाकी जाणकार सांगतीलच.

---

तारजोड (यवतमाळ)

झाडीपट्टीकर भाऊ, वेग वगैरे राहू द्या बाजूला. ते चुंबक आज काढून टाका.

त्या लाल चावीत चुंबकच असतं. ते जागेवर असलं की मशीनला चालायची परवानगी मिळते, निघालं की पट्टा थांबतो. चावीला दोरी असते आणि दोरीच्या टोकाला चिमटा. चिमटा कपड्याला लावायचा. माणूस तोल जाऊन मागे सरकला की दोरी ताणली जाते, चावी निघते, मशीन बंद. सुटं चुंबक चिकटवलं म्हणजे मशीन चालू राहतं आणि पडणाऱ्या माणसाला ते थांबवता येत नाही. घाबरलेल्या माणसाला बटण सापडत नाही हो, म्हणून तर दोरी दिली आहे. जुन्या मशीनच्या निम्म्या चाव्या हरवलेल्या असतात आणि दुकानदारसुद्धा हाच चुंबकाचा उपाय सांगतात, त्याचा मला फार राग येतो. नवीन चावी ऑनलाइन मिळते, महाग नसते.

आता जागा. मागे हातभर अंतरावर भिंत, हे चालणार नाही. चालणारा पडला तर पट्टा त्याला मागे फेकतो. मागे भिंत असली की माणूस भिंत आणि फिरता पट्टा यांच्यात अडकतो आणि कातडी सोलवटते. मागे किमान २ मीटर मोकळं हवं, दोन्ही बाजूंना अर्धा मीटर तरी. धानाची पोती हलवा, नाहीतर मशीन फिरवून तोंड भिंतीकडे करा.

वीज: २ एचपी म्हणजे साधारण दीड किलोवॉट. एक्स्टेन्शन बोर्डावर अजिबात नको, वायर तापते. भिंतीत १६ अँपिअरचा सॉकेट, त्याला वेगळी वायर, आणि अर्थिंग खरी असली पाहिजे. खरी म्हणतोय कारण आपल्याकडं तिसऱ्या भोकात वायर असते आणि दुसऱ्या टोकाला ती कशालाच जोडलेली नसते. विदर्भात दर उन्हाळ्यात लोखंडी कूलरचा शॉक लागून माणसं जातात, ती बहुतेक याच कारणानं. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या, ट्रेडमिलच कशाला, कूलरसाठीही तो उपयोगी आहे. आणि कूलरच्या तोंडासमोर मशीन ठेवू नका, तुषार उडतात.

लाइट गेली की पट्टा एकदम थांबतो आणि अंग पुढे जातं. हळू चालत असेल तर दांडी धरून सावरता येतं, पळत असेल तर अवघड. म्हणून आईंचा वेग कमी ठेवणं हाच त्यावर उपाय. लाइट गेल्यावर पट्ट्यावर उभं राहून वाट पाहायची नाही. उतरायचं, बटण बंद करायचं, प्लग काढायचा. घरच्या इन्व्हर्टरवर हे मशीन चालणार नाही, जोडूही नका.

---

कोरडवाहू

मोटर नसलेली, पायानं ढकलायची मिळते ना, ती घ्या. लाइटचा प्रश्नच मिटला. स्वस्त पण असते.

---

फिजिओ_वर्धा

@कोरडवाहू, स्वस्त असते हे खरं, पण साठीच्या बाईसाठी नको. त्या मशीनला कायम चढ दिलेला असतो, पट्टा पायानं रेटावा लागतो आणि त्यासाठी दांडी घट्ट धरून पुढे वाकावं लागतं. वेगही आपोआप कमी-जास्त होत राहतो. गुडघे आणि कंबर दोन्ही कुरकुर करतात. मोटरवालीच बरी.

झाडीपट्टीकर, आधी आईंची भीती. दवाखान्यातल्या त्या तपासणीला टीएमटी म्हणतात. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत पहिलाच टप्पा ताशी २.७ किमी वेग आणि १० टक्के चढ असा असतो, आणि दर ३ मिनिटांनी वेग, चढ दोन्ही वाढवतात. हृदयावर मुद्दाम ताण आणून ईसीजीत काय दिसतं ते पाहायचं असतं. घरी चढ शून्य ठेवायचा आणि वेग आपल्या हातात. आईंना हे असंच सांगा, कळेल त्यांना.

मात्र शुगर आणि बीपी दोन्ही आहेत, तर सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा. छातीत जडपणा किंवा थोड्या चालण्यानं दम लागणं असं काही कधी झालं असेल तर ते नक्की सांगा. टीएमटी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

पहिल्या दिवशी मशीन बंद असताना त्यांना वर-खाली चढू-उतरू द्या. मग पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या स्थिर पट्ट्यांवर पाय ठेवून उभं करा, चिमटा पदराला न लावता ब्लाउजला किंवा कुडत्याला लावा, आणि दोरी ओढून मशीन खरंच बंद होतं का ते त्यांच्याच हातानं करून पाहू द्या. हे एकदा पाहिलं की निम्मी भीती जाते. मग ताशी १ किमीवर पट्टा सुरू करायचा, दांडी धरून एक पाय, मग दुसरा. पट्टा फिरत नसताना त्यावर उभं राहून सुरू करायचं नाही.

नजर समोर. नवीन माणूस हमखास पायांकडे बघतो आणि तिथंच तोल जातो. समोर भिंतीवर काहीतरी लावा, कॅलेंडर चालेल. सुरुवातीला २ ते २.५ किमीच्या वर जाऊ नका, जरी रस्त्यावर त्या याहून भराभर चालत असल्या तरी. पाच-दहा मिनिटं पुरे. सवय झाली की आधी मिनिटं वाढवा, वेग नंतर. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे, तिथं पोचायची घाई नाही. चालताना त्यांच्याशी बोला. पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर, दोन शब्दांनी दम लागला तर कमी करा. दांडीवर हात ठेवला की नाडीचे ठोके दाखवतात, त्यावर विसंबू नका. बीपीसाठी मेटोप्रोलोल किंवा अॅटेनोलोल चालू असेल तर ठोके तसेही फार वाढत नाहीत.

थांबताना वेग हळूहळू खाली आणून पट्टा पूर्ण थांबू द्यायचा, आणि दांडी धरून थोडं उभं राहायचं. उतरल्यावर जमीन सरकल्यासारखी वाटते, सगळ्यांनाच वाटते. आईंना अंगणात गरगरतं म्हणालात म्हणून जास्त जपा. आणि ते गरगरणं डॉक्टरांच्याही कानावर घाला, बीपीच्या गोळीमुळं असू शकतं.

ग्लिमेपिराइडनं शुगर एकदम खाली जाऊ शकते, त्यामुळं उपाशीपोटी चालायचं नाही. जेवणानंतर तास-दीड तासानं चांगलं. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी आली तर लगेच थांबून तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची. घरी ग्लुकोमीटर असेल तर तपासा, ७० च्या खाली म्हणजे कमी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. साखरेचा डबा मशीनच्या जवळच असू द्या. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखलं तर मात्र वाट पाहायची नाही, थेट दवाखाना.

चप्पल नको, अनवाणी तर नकोच. मोजे आणि बसणारे बूट. शुगरच्या माणसाला तळपायाला फोड आलेला कळत नाही, रोज रात्री तळवे पाहत जा.

---

माईची_लेक

साडीबद्दल कुणीच नीट बोललं नाही. पाचवारीच्या निऱ्या पट्ट्याच्या पुढच्या टोकाला जाऊ शकतात आणि पदर सुटला की संपलंच. सगळे म्हणतील पंजाबी ड्रेस घाला, पण ओढणी आणि ढगळ सलवार हाही त्रासच. माझ्या मते काष्ट्याचं लुगडं, पदर कमरेला घट्ट खोचलेला, हे सगळ्यात सोयीचं. आमच्या माई शेतात रोवणी त्याच वेशात करायच्या, पाय मोकळे राहतात. नाहीतर कुडता आणि खाली मुलाची ट्रॅक पँट. घरात कोण बघतंय? गाऊन अजिबात नको.

---

फिजिओ_वर्धा

काष्टा असेल तर माझी हरकत नाही, घोट्याच्या वर राहिला पाहिजे एवढंच.

---

झाडीपट्टीकर

सगळ्यांचे आभार. चुंबक काढलं. भाऊजींना फोनवर सांगितलं तर म्हणे, आम्ही तसंच वापरत होतो. तारजोड दादांचा मजकूर त्यांना पाठवून दिला.

आईला काष्ट्याचं वाचून दाखवलं, ती म्हणाली आजीचं लुगडं आहे पेटीत. म्हणजे कपड्याचा प्रश्न सुटला.

अजून दोन गोष्टी. घरात भावाची लहान मुलगी आहे, सगळीकडं हात घालते. आणि पट्टा कोरडा वाटतो, चालू केल्यावर चर्र असा आवाज येतो, शिवाय थोडा डावीकडं सरकतो. घरी खोबरेल आहे, मोटरपंपाचं ऑइल पण आहे. टाकू का?

---

तारजोड (यवतमाळ)

दोन्ही नको! खोबरेल चिकट होतं, धूळ धरतं. पंपाच्या ऑइलनं पट्ट्याचं रबर फुगतं. ट्रेडमिलचं सिलिकॉन ऑइल मिळतं, तेच घ्या. मशीन बंद करून, प्लग काढून, पट्टा थोडा उचलून खालच्या फळीवर थोडं सोडायचं, मग माणूस न चढवता हळू फिरवायचा.

डावीकडं सरकतो तर मागच्या रोलरला दोन बोल्ट असतात, त्यातला डावा बोल्ट अॅलन कीनं (सहाकोनी पान्यानं) पाव फेरी घड्याळाच्या दिशेनं. पट्टा रिकामा हळू फिरवून पाहा, मग लागली तर आणखी पाव. एकदम फिरवला तर पट्टा फाटतो. बोल्ट फिरवताना पट्टा बंद हवा, हे सांगायला नको, तरी सांगतो.

आणि छपरीत धान आहे म्हणजे उंदीर आहेत. मोटरवरचं झाकण उघडून वायर कुरतडल्या आहेत का ते आधी पाहा. कोंड्याची धूळही आत बसते, ब्रशनं काढा. आमच्याकडं घरात कापूस भरून ठेवतात तेव्हा तर मोटरभोवती तंतूंची गादीच तयार होते, आणि तापलेल्या मोटरजवळ कापूस म्हणजे काय ते कळतंच तुम्हाला.

---

माईची_लेक

लहान मुलीबद्दल: २०२१ साली अमेरिकेत पेलोटन कंपनीला तिची ट्रेड प्लस नावाची सुमारे सव्वा लाख मशीन परत मागवावी लागली होती. एक मूल दगावलं होतं, अनेकांना इजा झाल्या होत्या. मुलं मशीनच्या मागच्या बाजूनं पट्ट्याखाली ओढली जात होती. तेव्हा आई चालत असताना मुलगी त्या खोलीत नसावी, दार लावून घ्या. चालून झालं की प्लग काढा आणि चावी उंच खिळ्याला. चावी नसेल तर बटण दाबूनही मशीन चालू होत नाही, मुलांपासूनही तेवढंच संरक्षण.

---

झाडीपट्टीकर

बरं. चावी यायला आठवडा तरी लागेल असं दिसतं. तोपर्यंत मी शेजारी उभा राहून हळू चालवलं तर चालेल का?

---

फिजिओ_वर्धा

नको. शेजारी उभा माणूस दचकतो, नाहीतर फोन बघत असतो. तोपर्यंत आईंना बंद मशीनवर चढण्या-उतरण्याचा सराव द्या, खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करायला सांगा, आणि जेवणानंतर घरातच दहा मिनिटं इकडून तिकडं सरळ रेषेत. वळताना थांबून वळायचं, गरगरणार नाही.

---

तारजोड (यवतमाळ)

चावी मागवताना पॅनेलवरची खाच गोल आहे की चौकोनी ते पाहा आणि पट्टीनं मोजून घ्या, कंपन्यांच्या चाव्या सारख्या नसतात. आली की पहिल्यांदा रिकाम्या मशीनवर ओढून पाहा. सॉकेटचं काम त्याआधी गावातल्या वायरमनकडून उरकून घ्या, आणि अर्थिंगचा खड्डा कुठं खणला ते डोळ्यानं पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.