कॉफी बाहेरची की घरची? लिहा आपापलं

सिडको_एनपाच
रविवारी लेक आला होता पुण्याहून. "आई, चल तुला कॉफी पाजतो." म्हटलं, घरात दूध आहे, पूड आहे, जायचं कशाला? तर म्हणे चल तर खरं. मॉलमध्ये नेलं. काउंटरवरच्या पोरीनं साइज विचारला, मी म्हटलं सगळ्यात लहान. त्या लहानाचं नाव 'टॉल'! मग माझं नाव विचारून कपावर भलतंच लिहिलं. त्या नावानं हाका मारत होती आणि मी मख्ख बसून.

दोन कॉफ्या आणि केकचा एक तुकडा, सातशेच्या वर बिल. ते जाऊ द्या. मी बघत होते तो मशीनवरचा मुलगा काय करतो ते. त्यानं त्या दांडीच्या वाटीत पूड दाबली, मशीनला लावली, धार कपात पडली, आणि लगेच वाटी उलटी करून ठक्कन आपटली. चोथा डब्यात. एकदाच पाणी लागलेला, वाफाळणारा चोथा!

माझं माहेर सेलूचं. आत्या हैदराबादला, काचीगुड्याला. वडील मीटरगेजच्या गाडीनं वर्षातून दोनदा जायचे आणि येताना सुलतान बाजारातून पावशेर कॉफीची पूड आणायचे. ती पितळी डब्यात, डबा वरच्या फळीवर. पाहुणा आला, कुणाला ताप आला किंवा कुणाचा उपास असला तरच डबा खाली. आई पाणी-साखर उकळून पूड टाकायची, लगेच खाली उतरवून झाकण. सहाणेवर जायफळाचे दोन वेढे, ते बोटानं निपटून दुधात. मग फडक्यातून गाळायची. पाहुण्यांना, वडिलांना, आम्हाला बशीत घोटघोट.

सगळे उठले की त्याच फडक्यातल्या चोथ्यावर परत गरम पाणी. ती दुसऱ्या पाण्याची कॉफी आईची. मी एकदा चोरून प्यायले होते. नुसतं तपकिरी पाणी.

मुलाला हे सांगितलं तर म्हणाला, "आई, तू पण ना." तर तुम्ही सांगा. कुठं पिता, घरी की बाहेर? कशी करता? काहीही लिहा.

नुसता_वाचक
आमच्याकडं च्याच. कॉफी म्हणजे आजारी माणसाचं.

लातूर_ट्यूशनवाला
ताई भारी लिहिलंय.
आमची कॉफी म्हणजे दोन रुपयांची पुडी. लातूरला ट्यूशन एरियात दोन वर्षं काढली, एका खोलीत चार पोरं. मालकीणबाईंनी किटलीला बंदी घातलेली, लाइटबिल येतं म्हणून. किटली कपड्याच्या पेटीत. रात्री अकराला त्यांच्या घरातला टीव्ही बंद झाला की आमची किटली चालू. स्टीलच्या ग्लासात पुडी, दोन चमचे साखर, चार थेंब पाणी आणि फेटायचं. आवाज होऊ नये म्हणून ग्लास उशीत धरून फेटायचो! पांढरट झालं की वरून गरम दूध. २०२० च्या लॉकडाउनमध्ये लोक 'डालगोना' म्हणून फोटो टाकायला लागले तेव्हा आम्ही चौघं ग्रुपवर लई हसलो. ह्याला नाव पण आहे म्हणे.
डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा काही निघाली नाही. चौघातला एक डॉक्टर झाला, तो आता चहा पितो.

वांगीभात
@लातूर_ट्यूशनवाला उशीत धरून 😂😂 मालकीणबाईंना सगळं माहीत असणार. माझी सासू खोल्या देते, तिला सगळं माहीत असतं.

गोदाकाठ
नांदेड. आमच्या शेजारी तेलुगू काकू राहायच्या, त्यांनी मला फिल्टर शिकवला. लोकांना वाटतं लई अवघड आहे. काही नाही. स्टीलची दोन भांडी एकावर एक, वरच्याला बारीक भोकं. वरच्यात तीन मोठे चमचे पूड, ती चकतीनं हलकी दाबायची. गच्च दाबली की पाणी उतरतच नाही, बसा मग तोंड बघत. उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं आणि विसरून जायचं. पंधरा-वीस मिनिटांत खाली काळा अर्क. काकू त्याला डिकॉक्शन म्हणायच्या, आमची आई दिगशन.

आणि पुडा घेताना मागची बाजू वाचत जा. चिकोरी किती टक्के ते छापलेलंच असतं. चिकोरी म्हणजे कॉफी नव्हे, एका झाडाचं मूळ भाजून केलेली पूड. रंग गडद, अर्क दाट, पण तरतरी शून्य. नियमानं अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के पाहिजे. म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत मूळ तुम्ही कॉफीच्या भावात पिताय. मी ८०:२० आणते. काकूंचं मत वेगळं होतं, त्या म्हणायच्या चिकोरीशिवाय कॉफी म्हणजे हिंगाशिवाय वरण.

काकू गेल्या वर्षी वारल्या. फिल्टर त्यांचाच आहे माझ्याकडं.

सिडको_एनपाच
@गोदाकाठ 🙏 दिगशन! आमच्या आत्या पण असंच म्हणायच्या.

परभणी_जर्मनी
जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि परभणीत कॉफी मागितली की पोरगं विचारतं "पुडीची का मशीनची?" दोन्ही सारखीच लागते. मशीनची पाच रुपयांनं महाग.

सेलूची_माहेरवाशीण
सिडकोताई, सेलूत कुठं घर होतं तुमचं? स्टेशनकडं का गावात? माझं माहेर पण सेलू. तुमचे वडील शिक्षक होते का?

जालन्याचा
लग्नातल्या कॉफीवर कुणीच कसं लिहिलं नाही अजून?

आमच्या पप्पांकडं ती मशीन होती. नव्वदीच्या सुमारास जुनी घेतलेली, पितळी टाकी, वर काटा, बाजूला वाकडी नळी. टेंपोत घालून कार्यालयात न्यायची, खाली शेगडी पेटवायची. काटा चढला की पप्पा नळी उघडून एकदा नुसतीच फुस्स करायचे. ती जाहिरात. अर्ध्या मिनिटात मांडवातली सगळी पोरं मशीनपुढं. वधूवरांकडं कुणी बघायचं नाही.

आता गुपित सांगतो. त्या मशीनमधून कॉफी यायचीच नाही. यायची फक्त वाफ. पुडीची कॉफी, साखर आणि थोडं पाणी आई आदल्या रात्री पातेल्यात फेटून ठेवायची, मलमासारखं घट्ट. जगमध्ये दूध घ्यायचं, नळी बुडवायची, दूध घुर्र करून फुगायचं. कपात अर्धा चमचा मलम, वरून फेसाचं दूध, त्यावर भोकाच्या डब्यातून कोको. पाटीवर लिहिलेलं 'एक्सप्रेसो'. एका लिटरमध्ये कप किती निघायचे ते सांगत नाही, पप्पा अजून हयात आहेत. फेस जास्त, दूध कमी एवढंच सांगतो.

माझ्या मनगटावर त्या नळीचा डाग आहे अजून. नववीत होतो, वॉशर उडाला. पप्पांनी आधी शेगडी बंद केली, मग माझ्याकडं बघितलं. आईनं ते त्यांना कधी माफ केलं नाही. मला आता कळतं, टाकी फुटली असती तर मांडव गेला असता.

नोकरी लागल्यावर मी पप्पांना पुण्यात कॉफीशॉपमध्ये नेलं. पाटी वाचून त्यांनी रुबाबात सांगितलं, "एक्सप्रेसो." आला बोटभर कप, काळं कडू. पप्पांनी कप वाकडा करून तळ बघितला, वास घेतला, मशीनकडं बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "यांची वाफेची नळी चोकअप झालीय. सांगू का?"

वांगीभात
मेले मी हसून 🤣 पोळी करपली.

नुसता_वाचक
पप्पांना साष्टांग.

काउंटरमागचा
मी अशाच एका साखळीच्या दुकानात काम करतो, संभाजीनगरलाच. गाव अंबडकडं. कोणतं दुकान ते लिहीत नाही, नोकरी आहे.

जालन्याच्या भाऊंच्या पप्पांची वाफ खरीच होती, फरक दाबाचा. आमच्या मशीनमध्ये साधारण नऊ बार दाबानं पाणी पुडीतून जातं, पंचवीस-तीस सेकंदांत काम संपलं. त्याहून जास्त वेळ पाणी गेलं की जळका कडूपणा उतरतो. म्हणून ताई, तो चोथा ठक्कन फेकावा लागतो. त्यात परत पाणी घातलं तर आमचा मॅनेजर मला पण तसाच आपटेल 😄 दूध साठ-पासष्ट डिग्रीपर्यंतच तापवायचं. गिऱ्हाईक म्हणतं "कडक गरम दे". दिलं की म्हणतं "दुधाला वास येतो".

नाव चुकीचं लिहिलं त्याबद्दल माफी. मागं मशीनचा आवाज, वर गाणी, समोर रांग. ऐकूच येत नाही.

माय गावाकडं सगळ्यांना सांगते, पोरगं कंपनीत आहे. एकदा व्हिडिओ कॉलवर मला एप्रन घालून बघितलं. म्हणाली, "च्या करतूस का रं तिथं?" म्हटलं नाही माय, कॉफी. म्हणाली, "मग ठीकंय."

घरी कॉफी पीत नाही मी. बारा तास वास असतो अंगाला.

गोदाकाठ
@काउंटरमागचा बाळा, जेवतोस का वेळेवर?

काउंटरमागचा
हो मावशी.

हिशेबनीस_बीड
भावनिक चाललंय सगळं, जरा आकड्यात बोलू. बाहेर एक कप अडीचशे. घरी चांगली पूड, दीडशे मिली दूध, साखर, गॅस धरून वीसच्या आत बसतो. महिन्यात आठ वेळा बाहेर गेलात तर अठराशे-एकोणीसशेचा फरक. वर्षाचा हिशेब तुम्ही करा. आणि सुट्टं दूध आणा, पिशवीचं नको. म्हशीच्या दुधाला जो फेस येतो तो कुठल्या मशीनला येत नाही.

परभणी_जर्मनी
@हिशेबनीस_बीड भाऊ, बायकोला घेऊन कधी गेलात का नाही बाहेर?

हिशेबनीस_बीड
गेलो ना. सांगायचं नव्हतं पण विचारलंच आहे तर सांगतो.
लग्न झालं तेव्हा घरात आम्ही अकरा माणसं, तीन खोल्या. बायकोशी बोलायचं तर जिन्यात. मे महिना, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, दुपारी लाइट गेलेली. कामासाठी औरंगाबादला आलो (तेव्हा औरंगाबादच होतं) तर हिला सोबत आणलं आणि कॅनॉटला एका एसी कॉफीशॉपमध्ये शिरलो. एकच कॉफी घेतली, दोन स्ट्रॉ. अडीच तास बसलो. कुणी उठवलं नाही. लग्नाला चार महिने झाले होते आणि हिला गणित आवडतं हे मला त्या दिवशी कळलं. मी अकाउंटंट!
त्या कॉफीची पावती आहे माझ्याकडं. अक्षरं उडालीत, कागद आहे.
घरी कॉफी स्वस्त पडते हे माझं म्हणणं मात्र कायम आहे.

वांगीभात
गरम कॉफीत स्ट्रॉ?

हिशेबनीस_बीड
कोल्ड कॉफी हो. मे महिना लिहिलंय ना.

बोअरचं_पाणी
दूध-पूड सगळं झालं, पाण्याचं कोण बोलणार? आमच्याकडं बोअरचं पाणी, इतकं क्षाराचं की किटलीत पांढरी खपली धरते. त्या पाण्यात महागडी पूड टाकली तरी मचूळ लागते. दिवाळीत मुंबईहून मेहुण्यानं कुठली तरी भारी कॉफी आणली, स्वतः केली, प्यायला आणि म्हणाला पूड नकली आली. मी जारच्या पाण्यात करून दिली. गप्प बसला. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तर भांडी घासायची पंचाईत, कॉफी कुठली. तेव्हा पाहुणा आला की चहाच्या आधी तांब्याचीच धास्ती. जार कितीला आहे सध्या तुमच्याकडं? आमच्याकडं तीस केला.

परभणी_जर्मनी
वीस. पण तो बोअरचंच भरून देतो अशी शंका आहे.

खुल्ताबादी
हौ, आमच्यात सांगतात की हिंदुस्थानात कॉफी आणली ती बाबा बुदन यांनी. हजहून येताना येमेनच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. डोंगराला नाव पण त्यांचंच. सूफी लोक रात्रीच्या जिक्रला, म्हणजे अल्लाच्या नामस्मरणाला, जागं राहायला कॉफी प्यायचे. आमचे दादा उस्मानिया विद्यापीठात शिकलेले, ते हे सांगायचे आणि स्वतः चहा प्यायचे, मलई मारके.

सेलूची_माहेरवाशीण
सिडकोताई उत्तर नाही दिलं. स्टेशनकडं का?

सिडको_एनपाच
अगं हो, राहूनच गेलं. स्टेशनकडं, लिंबाचं मोठं झाड होतं दारात. वडील शिक्षक नव्हते, जिनिंगमध्ये मुनीम होते. तू कुणाची? व्यक्तिगत निरोप कर.

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. जालन्याच्या पप्पांचं ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

काल लेक परत गेला. दुपारी माळ्यावरून सहाण काढली, धुतली. जायफळ होतंच घरात. गोदाकाठताईंचं ऐकून पुड्याची मागची बाजू वाचली, चाळीस टक्के चिकोरी निघाली! असू दे म्हटलं. पाणी उकळलं, पूड टाकली, उतरवून झाकलं. फडकं नव्हतं तसं, जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा घेतला. पहिल्या पाण्याची सगळी कॉफी माझ्या मोठ्या कपात गाळली, ओट्याशी उभी राहून गरमगरम प्यायले. पूर्ण.

तेवढ्यात हे आत आले. "वास येतोय, मला?"

चोथा होताच फडक्यात. परत गरम पाणी घातलं, दूध-साखर घालून दिली.

घोट घेऊन म्हणाले, "आज छान झालीये."

वांगीभात
🤣🤣🤣 ताई!!!

नुसता_वाचक
रविवारी येतोय संभाजीनगरला. कॅनॉटला गाडी लावायला जागा मिळते का संध्याकाळी?