छोट्या द्वीपराष्ट्रासाठी परवडणारे सागरी टेहळणी विमान कोणते? (काल्पनिक राष्ट्र, सल्ला हवा)

सागरगोटा:

नमस्कार. मी सध्या एक कादंबरी लिहीत आहे. तिचे कथानक हिंदी महासागरात, मॉरिशसच्या ईशान्येला कल्पिलेल्या ‘प्रवाळमाला’ नावाच्या प्रजासत्ताकात घडते. लोकसंख्या तीन लाख, वस्ती असलेली सात बेटे, उत्पन्नाचा आधार पर्यटन व मासेमारीचे परवाने, आणि भोवती सुमारे ४ लाख चौरस किलोमीटरचे अनन्य आर्थिक क्षेत्र (ज्यातील मासेमारीवर त्याच देशाचा हक्क असतो असा समुद्र), असे हे राष्ट्र आहे. राजधानीच्या बेटावर १,२०० मीटरची धावपट्टी आहे; दूरच्या दोन बेटांवरच्या पट्ट्या जेमतेम नऊशे मीटरच्या आहेत. परदेशी जहाजे विनापरवाना ट्यूना पकडून नेतात आणि अमली पदार्थ वाहणारी लाकडी गलबते याच पाण्यातून जातात.

या देशाच्या सरकारला पहिलेच टेहळणी विमान घ्यायचे आहे. बोइंगच्या पी-८ सारखी विमाने आवाक्याबाहेरची आहेत, हे मी गृहीतच धरले आहे. भारताने २००९ मध्ये अशा आठ विमानांसाठी सुमारे २.१ अब्ज डॉलरचा करार केला होता. खरेदीचा निर्णय जाणकार वाचकालाही पटावा, अशी माझी इच्छा आहे. कोणते विमान सुचवाल, आणि का?

तांडेल:

आपण वर्णन केलेल्या परिस्थितीला सर्वांत जवळचे उत्तर डॉर्नियर २२८ हे आहे. मूळ रचना जर्मन असली तरी १९८३ च्या करारानंतर हिंदुस्तान एरोनॉटिक्स हे विमान कानपूरला बनवत आली आहे, आणि आपले नौदल व तटरक्षक दल दोन्ही ते वापरतात. गोव्यात दाबोळीला ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांनी वर बसवलेल्या पंखांचे, पोटाखाली रडारचा फुगवटा असलेले हे विमान पाहिले असेल. दोन टर्बोप्रॉप (टर्बाइनने पंखा फिरवणारी) इंजिने, सुमारे ६,४०० किलो कमाल वजन आणि आठशे मीटरच्या आसपासच्या धावपट्टीवरून उड्डाण, या तीन गोष्टी पाहिल्या तर आपल्या आखूड पट्ट्यांचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

शिवाय आपल्या कथानकाला प्रत्यक्षातला आधारही आहे. सेशेल्सला भारताने २०१३ मध्ये एक आणि २०१८ मध्ये दुसरे डॉर्नियर दिले; श्रीलंकेला १५ ऑगस्ट २०२२ रोजी नौदलाकडील एक विमान सुपूर्द केले. मॉरिशसकडे तर स्वतःचे सैन्यच नाही. तेथे तटरक्षक दल पोलिसांच्या अखत्यारीत येते आणि तेच डॉर्नियर उडवते. त्यामुळे प्रवाळमालेत हे विमान संरक्षण खात्याकडे न देता पोलीस खात्याकडे दिलेत, तरी ते मुळीच अवास्तव वाटणार नाही.

मात्र विमानाच्या नावापेक्षा माझा भर एका साध्या हिशेबावर आहे. ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान दोन्ही बाजू मिळून ६० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहत असेल आणि प्रत्यक्ष शोधाला चार तास मिळत असतील, तर एका फेरीत ७२,००० चौरस किलोमीटर पाहून होतात, म्हणजे आपल्या सागरी क्षेत्राचा पाचवा हिस्साही पुरता नाही. हा हिशेब मोठ्या पोलादी जहाजांचा झाला. लाकडी गलबत रडारच्या लहरी फार कमी परतवते, आणि खवळलेल्या समुद्रात लाटांचे प्रतिध्वनी त्याला झाकून टाकतात. अशा वेळी पट्टा २५ किलोमीटरवर आणावा लागतो आणि तीच फेरी ३०,००० चौरस किलोमीटरवर येते. म्हणून पैसे आधी चांगल्या रडारला द्यावेत, मग रात्री उष्णतेवरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला, आणि उरतील त्यात बसेल ते विमान घ्यावे. खरेदीच्या बैठकीचा प्रसंग लिहिणार असाल, तर तेथील वाद याच क्रमावरून व्हावा, असे मला वाटते.

पाणकोळी:

तांडेल यांचा हिशेब मान्य आहे, पण तीन लाख वस्तीच्या देशाला डॉर्नियरही जड जाऊ शकते. ऑस्ट्रियन बनावटीच्या डायमंड डीए४२ या छोट्या दोन इंजिनी विमानाचा टेहळणीसाठी सज्ज केलेला प्रकार मिळतो. त्याची पिस्टन इंजिने डिझेल पद्धतीची असून प्रवासी जेट विमानांच्याच इंधनावर चालतात, आणि एरवी क्षुल्लक वाटणारी ही बाब बेटांवर निर्णायक ठरते. ब्रिटिश आयलँडरचेच पाहा. अत्यंत दणकट, आखूड पट्टीवर उतरणारे असे ते विमान आहे आणि एके काळी आपल्या नौदलानेही ते कोचीहून उडवले. परंतु त्याच्या साध्या पिस्टन प्रकाराला विमानांचे विशेष पेट्रोल लागते. पर्यटकांची जेट विमाने येणाऱ्या बेटावर जेट इंधनाचा साठा असतोच, हे पेट्रोल मात्र पिंपांतून बोटीने आणावे लागेल आणि बोट चुकली की गस्त थांबेल.

सेसना कॅरॅव्हान स्वस्त व विश्वासार्ह आहे, पण त्याला एकच इंजिन आहे. किनाऱ्यापासून तीनशे किलोमीटर आत रोज वैमानिक पाठवायचे असतील, तर मी ते सुचवणार नाही.

सागरगोटा:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन शंका आहेत. मानवरहित विमान का नको? आणि बीचक्राफ्ट किंग एअरचे नाव वाचनात वारंवार येते, ते या देशाला कितपत योग्य ठरेल?

पाणकोळी:

किंग एअर उत्तम आहे. अमेरिकी हवाई दलाने इराक व अफगाणिस्तानातील तातडीची गरज भागवण्यासाठी याच व्यावसायिक विमानावर एमसी-१२ हे टेहळणी विमान उभे केले आणि २००९ पासून वापरले. त्याच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखला जातो, त्यामुळे ते डॉर्नियरपेक्षा बरेच उंच उडू शकते, आणि उंचीचा फायदा मोठा असतो: ५०० मीटरवरून रडारचे क्षितिज, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याच्या नजरेला पडणारी हद्द, सुमारे ९० किलोमीटरवर असते, तर ३,००० मीटरवरून ते सव्वादोनशेच्या घरात जाते. पण खाली उतरून जहाजाचे नाव वाचणे, छायाचित्र काढणे, बुडणाऱ्या नावेजवळ तराफा टाकणे ही कामे प्रवाळमालेला अधिक वेळा करावी लागतील. तराफ्याचाच मुद्दा मानवरहित विमानालाही लागू होतो. शिवाय क्षितिजापलीकडे ते चालवायचे तर उपग्रहाचा दुवा भाड्याने घ्यावा लागतो, आणि जमिनीवरचे मनुष्यबळ वाटते तितके कमी लागत नाही.

तांडेल:

देखभालीबद्दल लिहायचे राहिले होते, आणि अशा देशाचे घोडे खरेदीपेक्षा तेथेच अडते. माझे शिक्षण विमान देखभालीचे असल्याने हे थोडे विस्ताराने लिहितो.

समुद्रावर खालून उडणाऱ्या विमानाच्या अंगावर आणि इंजिनाच्या आत मिठाचा थर बसतो. परत आल्यावर विमान गोड्या पाण्याने धुवावे लागते आणि इंजिन फिरवत त्याच्या कॉम्प्रेसरमध्येही (हवा दाबणाऱ्या भागातही) शुद्ध पाणी फवारावे लागते. हा नेम पाळला नाही, तर पात्यांवर खड्डे पडू लागतात, रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी धरते आणि विमान वेळेआधीच मोठ्या दुरुस्तीला जाते. आता प्रवाळबेटांवर गोडे पाणी म्हणजे बहुतांशी पावसाचे पाणी. गावात टंचाई असताना विमान धुण्यासाठी पाणी द्यायचे की नाही, हा प्रश्न आपल्या कादंबरीतल्या मंत्रिमंडळासमोर खरोखर येईल. हँगरच्या छपराचे पाणी साठवणारी टाकी खरेदीच्या अंदाजपत्रकातच धरा.

संख्येबाबत म्हणाल, तर एक विमान घेणे म्हणजे न घेण्यासारखेच आहे. ते तपासणीला गेले की आकाश मोकळे, आणि चोरट्या जहाजांना ही बातमी बंदरातूनच कळते. किमान दोन घ्यावीत, तीन असल्यास उत्तम. प्रत्येकी दोन वैमानिकसंच हवेत आणि रडारसमोर बसणारे, डोळा तयार झालेले चालक हवेत. असा चालक घडायला वैमानिकाइतकाच काळ लागतो.

खाडीकाठ:

एक मुद्दा जोडतो. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरील जहाजांना स्वतःची ओळख व स्थान प्रक्षेपित करणारे यंत्र सक्तीचे आहे. ती प्रक्षेपणे टिपणारे स्वस्त यंत्र विमानात असले, की रडारवर दिसणारा पण ओळख न सांगणारा ठिपका लगेच वेगळा पडतो. मात्र लहान नौकांना ही सक्ती नसते, आणि येथे मुंबईचा अनुभव विसरता येत नाही. २००८ च्या नोव्हेंबरात हल्लेखोर ‘कुबेर’ या आपल्याच मासेमारी नौकेतून मुंबईजवळ आले. वरून पाहणाऱ्याला ती इतर शेकडो नौकांसारखीच दिसली असती. पुढे आपल्याकडे मासेमारी नौकांना राज्यनिहाय रंग देण्यात आले. प्रवाळमालेनेही विमान येण्यापूर्वी आपल्या प्रत्येक नावेची नोंद करून तिच्या छतावर मोठ्या अक्षरांत क्रमांक रंगवावा.

सागरगोटा:

आता चित्र स्पष्ट झाले. भारताकडून सवलतीच्या कर्जावर दोन डॉर्नियर, दोन्हींवर नवे रडार, आणि तिसरे विमान पाच वर्षांनी, असा निर्णय मी लिहितो आहे. पाण्याच्या टाकीवरून होणारा वाद स्वतंत्र प्रकरणात घेईन. पहिले वैमानिक प्रशिक्षणाला कोठे पाठवावेत?

तांडेल:

कोचीला पाठवा. नौदलाचे दक्षिणी मुख्यालय तेथे आहे, प्रशिक्षणाची जबाबदारी त्याच्याकडेच आहे आणि डॉर्नियरही तेथे आहेत. त्यांच्यासोबत दोन तंत्रज्ञही त्याच तुकडीत जाऊ द्या. वैमानिक परतले आणि तंत्रज्ञ नसले, तर पहिल्याच तपासणीला परदेशी पथक बोलवावे लागेल.